डोहाळजेवणाआधी अर्ज द्या

कार्तिकी पौर्णिमा आली की कपिलधारची वाट माणसांनी फुलून जाते. बीड तालुक्यात, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरकुशीत हे ठिकाण आहे. वरून धबधबा कोसळतो आणि खाली मन्मथस्वामींची समाधी आहे. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. आपल्यापैकी पुष्कळांनी ही यात्रा केली असेल.

त्याच दिवसांत मांजरसुंब्याच्या चौकातून आणखी एक रांग जात असते. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या, त्यांत भांडीकुंडी, सरपण, पिठाची पोती, एखादी शेळी, चार कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघालेल्या असतात. त्यांत एखादी बाई पाच महिन्यांची गरोदर असते.

इकडे यात्रेत दर्शनाच्या रांगेत उभी असलेली एखादी सूनही पाच महिन्यांची असते. ती बीडला एखाद्या खाजगी दवाखान्यात किंवा दुकानात नोकरीला असते. सासूबाईंच्या मनात डोहाळजेवणाचे बेत चालू असतात. माहेरी कधी धाडायची, पहिलटकरीण आहे तर सातव्या महिन्यात की आठव्या, यावर घरात बोलणे होते. पण “तुझ्या कामाच्या ठिकाणी तू लेखी कळवलेस का?” हे मात्र कोणी विचारत नाही. मग सून तोंडी सांगून माहेरी जाते. चार-सहा महिन्यांनी बाळ घेऊन परत येते, तर तिच्या जागी दुसरी मुलगी बसलेली असते. मालक म्हणतात, “तू काम सोडून गेली होतीस ना?” सुनेकडे दाखवायला एक चिठोरेही नसते.

वाचकहो, आपल्या गावातल्या पुष्कळ लेकीसुना आता नोकरी करतात. म्हणून बाळंतपणाच्या रजेचा कायदा काय आहे आणि ती रजा सुरू करताना काय करायचे, हे आज नीट समजून घेऊ. त्यानंतर त्या ट्रॉलीवर बसलेल्या बहिणीकडेही वळू. तिचा प्रश्न याहून अवघड आहे.

कायदा कुठून आला

हा हक्क आपल्याकडे अलीकडे आलेला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीकामगार स्त्रियांना बाळंतपणात मदत देण्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. देशात अशा तऱ्हेचा तो पहिलाच.

पुढे १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा झाला. त्यात पगारी रजा १२ आठवड्यांची होती. २०१७ साली ती २६ आठवड्यांची केली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ या नव्या कायद्यात सामावला आहे. नाव बदलले, तरी २६ आठवड्यांची रजा आणि बाकीचे मुख्य हक्क तसेच राहिले आहेत.

कोणाला मिळते

कारखाना, खाण, मळा, तसेच दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेले दुकान, दवाखाना, शाळा, कचेरी अशा ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रीला हा लाभ मिळतो. अट एकच. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिने तिथे किमान ८० दिवस काम केलेले असावे. ती कायम आहे की हंगामी, महिन्यावर आहे की रोजंदारीवर, यावर हक्क अडत नाही.

याबद्दल शंका असेल तर दिल्लीची एक गोष्ट ऐका. तिथल्या महानगरपालिकेत रस्त्याच्या कामावर, चर खणायला रोजंदारीवर बाया होत्या. त्यांची नावे हजेरीपटावर, म्हणजे मस्टरवर होती. कायम बायांना रजा मिळे, यांना मिळत नसे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २००० मध्ये न्यायालयाने निकाल दिला की मस्टरवरच्या बायांनाही बाळंतपणाचा लाभ दिलाच पाहिजे. त्या मजूर बायांच्या हाती पुरावा होता तो मस्टरवरच्या नावाचा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्या बाईची मुदत रजेच्या मध्येच संपली, तरी तिचा पूर्ण लाभ बुडत नाही. करार संपला म्हणून पैसे नाहीत, असे मालकाला म्हणता येत नाही.

ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विमा, म्हणजे ‘ई.एस.आय.’ची रक्कम कापली जाते, त्यांना हेच २६ आठवड्यांचे पैसे विमा महामंडळाकडून मिळतात. त्यांच्या दिवसांचा हिशेब वेगळा असतो. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर कपात आहे का, हे आधी पाहावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षिका आणि राज्य सरकारच्या कर्मचारी स्त्रियांना त्यांच्या सेवानियमांप्रमाणे १८० दिवसांची रजा आहे. दोनपेक्षा कमी मुले हयात असावीत, ही तिथली अट आहे. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही १८० दिवसांची भरपगारी रजा आहे.

तारखांचा हिशेब

शेतात पेरणीचा दिवस धरून आपण काढणीचा अंदाज बांधतो. रजेचा हिशेबही तसाच आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख मधे धरायची आणि तिच्यापासून मागे व पुढे मोजायचे.

समजा, तुमच्या सुनेला १५ जून ही तारीख दिली आहे. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे २० एप्रिलपासून तिला रजेवर जाता येईल. तेव्हापासून २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस, १८ ऑक्टोबरला पुरे होतात. १९ ऑक्टोबरला ती कामावर रुजू होईल. तब्येत चांगली असेल आणि बाळाजवळ जास्त दिवस राहायचे असेल, तर आधीचे दिवस कमी घेऊन नंतरचे वाढवता येतात. हे तिने ठरवायचे, मालकाने नव्हे. आधीची दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची मिळते आणि त्यातले सहा आठवडेच आधी घेता येतात.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे मात्र सक्तीचे आहेत. त्या काळात मालकाने तिला कामावर घ्यायचे नाही आणि तिनेही कुठे काम करायचे नाही. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला बाजेवरून उठू देत नाहीत. कायद्याने तो दीड महिन्याच्या जवळ नेला आहे.

रजेवर जाण्याआधीच्या दिवसांबद्दलही नियम आहे. तारखेच्या आधीच्या दहा आठवड्यांत, बाईने मागणी केली तर, तिला ओझे उचलण्याचे, तासन्‌तास उभे राहण्याचे किंवा गर्भाला अपाय होईल असे काम देता येत नाही. वरच्या उदाहरणात हा काळ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लागतो. पण मागणी करावी लागते. गप्प बसून सोसले तर नियमाचा उपयोग होत नाही.

पैशाचा हिशेब

रजेआधीच्या तीन महिन्यांत तिने जेवढे दिवस काम केले, त्यांची सरासरी रोजची मजुरी काढायची आणि ती रजेच्या दिवसांनी गुणायची. समजा, सरासरी ४०० रुपये निघाली. १८२ दिवसांचे ७२,८०० रुपये झाले. यातले बाळंतपणाआधीच्या आठ आठवड्यांचे २२,४०० रुपये गरोदरपणाचा दाखला दिला की आगाऊ मिळायला हवेत. उरलेले १८ आठवड्यांचे ५०,४०० रुपये बाळंत झाल्याचा दाखला दिल्यावर ४८ तासांत द्यायचे असतात.

आता कोणी म्हणेल, रविवारी काम नसते, मग रविवारचे पैसे कसे? हाच वाद पूर्वी तमिळनाडूत कोइमतूरकडच्या एका मळ्यातल्या मजूर बाईने घातला होता. तेव्हा रजा १२ आठवड्यांची होती. मळेवाल्यांनी रविवार वगळून ७२ दिवसांचे पैसे दिले. बाई म्हणाली, आठवडा सात दिवसांचा, मला ८४ दिवसांचे द्या. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे मान्य केले. मळ्यात राबणाऱ्या एका बाईने हट्टाने मागितले, म्हणून आज तुमच्या-आमच्या सुनेचे रविवार मोजले जातात.

मालकाने दवाखान्याची सोय फुकट केली नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो. गर्भपात झाला, तर दाखला देऊन सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. दुःखाच्या भरात घरचे लोक हे मागायचे विसरतात. बाळंतपणामुळे आजारपण आले तर आणखी एक महिना मिळतो. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली तर दोन आठवडे.

कामावर परत गेल्यावर, मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी असते. ५० किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ दिले पाहिजे.

अर्जात काय लिहावे

आता मुद्द्याचे. हे सारे हक्क जागे होतात ते लेखी नोटिशीने. ठरलेला नमुना मालकाकडे मागावा. मिळाला नाही तर साध्या कागदावर लिहिले तरी हरकत नाही. त्यात एवढे असावे : आपले नाव व काम, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, कोणत्या तारखेपासून रजेवर जाणार ती तारीख, रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही अशी हमी, आणि पैसे आपल्याला किंवा आपण नेमलेल्या माणसाला द्यावेत हे त्या माणसाच्या नावासह. सोबत गरोदरपणाचा दाखला जोडावा. नव्या संहितेप्रमाणे डॉक्टरांखेरीज आशाताई किंवा शिकलेली परिचारिका, दाई यांचा दाखलाही चालतो. तालुक्याला खेटे घालण्याची गरज उरलेली नाही.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. गरोदरपणात अर्ज द्यायचा राहून गेला, तर बाळंतपणानंतर लवकरात लवकर द्यावा. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. नोकरीवर घेतानाच हे सगळे लाभ लेखी कळवायचे, असे मालकावर बंधन आहे. तुमच्या लेकीला तसा कागद मिळाला होता का, तेही विचारा.

रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. तिच्या तोट्याच्या अटी बदलणेही बेकायदा आहे. तसे झालेच, तर साठ दिवसांच्या आत कामगार खात्याकडे दाद मागावी. वकिलाच्या खर्चाची धास्ती बाळगू नये. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. तिथे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो.

ट्रॉलीवरची बहीण

आता त्या मांजरसुंब्याच्या चौकाकडे वळू.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हाती. कागद झालाच तर त्यावर अंगठा किंवा सही नवऱ्याची. बाई पहाटे उठून भाकरी थापते, फडात जाते, ऊस सवळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठते. नोव्हेंबरात तोडीला लागलेल्या बाईचे ८० दिवस जानेवारी संपण्याच्या सुमारास भरतात. पण मोजले कोणी? कोणत्या वहीत तिचे नाव आहे? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी काही मालक नव्हे. वास्तविक १९६१ च्या कायद्यातच ‘थेट किंवा कोणामार्फत कामावर घेतलेली स्त्री’ असे शब्द होते. पण नाव नाही, हजेरी नाही, तर हक्क मागायचा कशाच्या आधारावर? दिल्लीच्या बायांकडे मस्टर होते. आपल्या बहिणीकडे ते नाही.

रजा नाही म्हणजे काय होते, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड उचलीत मांडला जातो. पोटात दुखले, अंगावरून गेले, तरी बाई फडात उभी. त्या त्रासातून सुटायला अनेकींनी तरुण वयातच पिशवी काढून टाकली. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींत एक. जी रजा मिळाली नाही, तिची किंमत त्या देहाने चुकती केली.

अशा वेळी आपण गावात काय करू शकतो? पहिले काम नावाचे. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. ग्रामपंचायतीमार्फत कामगारांची नोंद करून ओळखपत्र दिले जाते. ते फक्त नवऱ्याचे काढून थांबू नका, बाईचे वेगळे काढा. ई-श्रम कार्डही दोघांचे वेगवेगळे असू द्या. मुकादमाशी बोली करताना दोघांची नावे लिहा, असा आग्रह धरा. एका घराने धरला तर मुकादम हसेल. सगळ्या टोळीने धरला तर लिहील.

दुसरे काम पैशाचे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर ३,००० आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या लसी झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकरकमी. ई-श्रम कार्ड असलेल्या बाईला तो अर्ज करता येतो. शेतकरी सन्मान निधी घेणाऱ्या स्त्रियाही त्यात बसतात. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे द्यावा, आणि गाव सोडण्याआधी द्यावा. तपासणीचे माता-बाल संरक्षण कार्ड सामानात तळाशी न टाकता जवळ ठेवावे. फडाजवळच्या गावात ते दाखवले की तिथली आशाताई पुढची तपासणी आणि लस पाहू शकते.

तिसरे काम घरच्यांचे. सातवा महिना लागलेल्या बाईला तोडीला नेऊ नका, असे सांगणे सोपे आहे. उचल फिटायची असते हे आम्हीही जाणतो. पण टोळीत चार घरे आपल्याच भावकीची असतात. तिची मोळी दुसरीने उचलावी, रात्रीच्या गाडीला तिला उठवू नये, बाळंत झाल्यावर दीड महिना तिने फडात उतरू नये, एवढे टोळीने आपसात ठरवले तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आज जो नियम आपण पाळू, तोच उद्या कारखान्याकडे मागता येईल.

शेवटी, नोकरीवाल्या लेकीसुनांच्या घरांना एक विनंती. डोहाळजेवणाची तारीख ठरवाल, त्याच दिवशी अर्जाचा कागदही पुढे घ्या. सासऱ्यांनी मजकूर सांगावा, धाकट्या दिराने स्वच्छ अक्षरात लिहावा, सुनेने वाचून सही करावी. पोच आणून ती रेशनकार्डाशेजारी ठेवावी. ओटी भरायला बायका जमतील तेव्हा तो कागद त्यांनाही दाखवा. त्यांच्यातही कोणाची लेक नोकरीवर असेल, आणि कोणाची ट्रॉलीवर.